गाडीवरचा डॉक्टर

भूमेशच्या हातात महिन्याला चौदा हजार पडायचे. तेलंगणातल्या सिरिसिल्लाजवळच्या त्याच्या गावात मात्र तोच पगार साठ हजार होता. ही वाढ त्याच्या आईनं दिलेली. पोरगा दोन वर्षांचा कोर्स करून रुग्णवाहिकेवर लागला हे शेजारणींना सांगताना एल्लव्वाची जीभ घसरली आणि 'हैदराबादेत डॉक्टर झाला' असं बाहेर पडलं. घसरलेली जीभ पुन्हा काही जागेवर आली नाही.

हैदराबादही खोटंच. भूमेशची गाडी महामार्गावरच्या टोलनाक्यामागं, पंक्चरवाल्याच्या शेजारी उभी असे. बारा तासांची पाळी, फोन आला की सुटायचं. चालत्या गाडीत त्यानं अकरा बाळंतपणं केली होती. ट्रकखाली सापडलेल्या एकाचा श्वास तासभर चालू ठेवून त्याला जिवंत दवाखान्यात पोचवलं होतं. छाती काढून सांगावं असं हे काम, पण गडी गावी आला की 'डॉक्टर सार' ऐकून गालातल्या गालात हसायचा. नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं.

या दसऱ्याला गल्लीतली माणसं दारात जमली असताना शेजारची लच्चव्वा लंगडत आली. विड्या वळून पोट भरणारी बाई, भूमेशला लहानपणी स्वतःच्या ताटातलं भरवलेली. तिला साखरेचा आजार. तिनं फडकं सोडून पाय पुढं केला. अंगठा काळा पडत चालला होता आणि वास येत होता. अशी बाई गाडीत आली असती तर भूमेशनं तिला तासाभरात दवाखान्यात पोचवलं असतं. वाक्य ओठांपर्यंत आलंही, 'अव्वा, हे डॉक्टरला दाखव.'

तिथंच ते अडकलं. दहा माणसं बघतायत, आई कौतुकानं शेजारी उभी. डॉक्टरनंच डॉक्टरला दाखवायला सांगायचं म्हणजे झालंच की. त्यानं जखम धुतली, झकास पट्टी बांधली, कागदावर गोळ्या लिहून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर निघून गेला. वाटेत दोनदा आईला फोन लावावासा वाटला. लावला नाही.

दिवाळीच्या तोंडावर आईचाच फोन आला. लच्चव्वाचा पाय घोट्याच्या वरून कापला होता.

तो जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचला तेव्हा एक तरुण डॉक्टरीण खाटेपाशी उभी होती. आधी कुणाला दाखवलं होतं, असं ती विचारत होती. लच्चव्वानं भूमेशकडं एकदा पाहिलं आणि कुणालाच नाही, हळद लावून घरी बसले, असं सांगून टाकलं. डॉक्टरीण भडकली. तीन आठवडे आधी आला असतात तर अंगठ्यावर निभावलं असतं, तुम्हा लोकांना जिवाची किंमत नाही, असं बरंच बोलली. म्हातारी खाली मान घालून ऐकत राहिली. भूमेश समोरच उभा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीण गेल्यावर तो खाटेच्या कडेला टेकला. चादरीखाली एका बाजूला पाऊल होतं, दुसऱ्या बाजूला पावलाच्या जागी चादर सपाट होती. तिकडं त्याला बघवेना.

"अव्वा, मी डॉक्टर नाही गं."

"ठाऊक आहे की, बिड्डा. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पलीकडच्या घरातल्या राजव्वाच्या जावयानं तुला नाक्यावर गाडी धुताना कधीच पाहिलं होतं. डॉक्टर म्हटलं की तुझ्या आईला बरं वाटायचं, म्हणून म्हणायचो."

"मग पाय मला कशाला दाखवलास?"

लच्चव्वानं त्याचा हात हातात घेतला.

"तू गाडीवरचा माणूस. रोज कुणाकुणाला उचलून दवाखान्यात नेतोस. म्हटलं, मलाही नेशील."