ताईच्या टाचेवरचा डाग

पोळ्यानंतरचा सोमवार, सकाळचे अकरा. ठिकाण अकोल्याचा दवाखाना. हजर: माझी थोरली बहीण, भाऊजी, मी आणि डॉक्टरीणबाई.

ताईच्या उजव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग होता, एका कडेनं चिघळलेला. भाऊजींनी लगेच खुलासा केला. "बिब्ब्याचा हाय तो. निंदताना काटा मोडला होता, म्याच चटका देल्ला."

"कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन साल झाले."

बिब्ब्याचा डाग महिना-दोन महिन्यांत निघून जातो, हे ताईच्या गावात, मानोऱ्यात, कुणालाही सांगावं लागत नाही. मीही तो डाग आदल्या दिवाळीत पाहिला होता, ताईच्या पायाला तेल लावताना. अजून गेला नाही का, असं विचारलंही होतं. तिनं पाय ओढून घेतला. "माह्या पायाची काहून यादी करून राह्यली? किराण्याची कर." आम्ही हसलो, आणि मी किराण्याची यादी केली.

डागाचा तुकडा तपासणीला जाऊन अहवाल आला: मेलॅनोमा, त्वचेचा कर्करोग. डॉक्टरीणबाईंनी मला प्रकार समजावले. एक तिळासारखा आडवा पसरतो. एक गाठ होऊन लवकर खोल उतरतो. एक म्हातारपणी, उन्हानं रापलेल्या चेहऱ्यावर येतो. आणि एक तळपायावर, तळहातावर, नखाखाली. आपल्याकडे हाच जास्त दिसतो, आणि तळपाय कुणी बघत नाही. पातळ असताना कापला तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. ताईच्या जांघेत तोवर गाठ आली होती.

होळीच्या आधी ताई गेली.

तेरवी झाल्यावर मी घरातल्या सगळ्यांना अंगणात उजेडाला बसवलं आणि एकेकाचे तळपाय, तळहात, नखं पाहिली. शेवटी भाऊजी. पाय वर करून ते म्हणाले, "म्याच जाळला तिचा पाय. त्या चटक्यानंच झालं."

चटक्यानं झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला तसं स्पष्ट सांगितलं होतं: बिब्ब्यानं रोग आणला नाही, फक्त लपवला. पहिलं अर्धं ऐकून भाऊजींना झोप लागली असती. पण दुसरं अर्धं ते विचारणारच, आणि मग दिवाळीत मी तो डाग पाहिला होता, तेही सांगावं लागणार.

"तुमचे पाय साफ आहेत," मी म्हणाले.

त्याला आता चार महिने झाले. दर रविवारी मी मानोऱ्याला जाते, भाऊजींना डबा देते, त्यांची औषधं लावून ठेवते. चटक्यानं झालं नव्हतं, हे अजून मी त्यांना सांगितलेलं नाही.