जुईची पीटीची ग्रेड

आमच्या घरात कोणीही कधी धावलेलं नाही. बस सुटली तर आम्ही पुढच्या बसची वाट बघतो. त्यामुळे सहावीतल्या आमच्या जुईला दरवर्षी पीटीत 'सी' मिळायची, आणि प्रगतीपुस्तकात बाकी सगळीकडे 'ए' असताना ती एकच 'सी' बघून पोर हिरमुसायची.

यंदा तिच्या डोंबिवलीच्या शाळेत पीटीला म्हात्रे मॅडम आल्या. पालकसभेत त्यांनी सांगितलं, की त्या कोणाला कोणाशी ताडून बघणार नाहीत. जूनमध्ये मूल जसं धावलं, त्यापेक्षा दिवाळीआधी किती सुधारलं, त्यावर ग्रेड. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र वागळे इस्टेटमधल्या कंपनीत हिशेब तपासणारा माणूस (पळवाट मला लांबूनच दिसते!). घरी येऊन जुईला म्हटलं, "पहिल्या टेस्टला एकदम हळू धाव. मग पुढे नुसती सुधारणाच." बायकोने कपाळावर हात मारला.

जुई भलतीच आज्ञाधारक. टेस्टला धावताना वाटेत थांबून तिने बुटाची नाडी बांधली, एका मैत्रिणीची रिबीनसुद्धा नीट केली! दुसऱ्याच दिवशी मला शाळेत बोलावणं आलं.

"जुईचा स्टॅमिना फारच कमी आहे," मॅडम काळजीने म्हणाल्या. "अशा मुलांना मी सकाळी सहाला मैदानावर बोलावते. सोबत एक पालक धावतो."

खरं सांगितलं तर अब्रू जाणार, म्हणून मी हो म्हटलं.

पहिल्या फेरीत माझ्या छातीचा भाता व्हायचा, दुसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे काजवे. जुईला मात्र धावण्याची गोडीच लागली. मॅडम प्रत्येक मुलासोबत स्वतः धावायच्या. निम्म्यावरच बसकण मारणारा एक गुटगुटीत मुलगा हळूहळू, शेवटून पहिला का होईना, पूर्ण फेरी मारू लागला. त्याच्यासाठी मॅडम टाळ्या वाजवायच्या तेव्हा मला अगदी भरून यायचं (आधीच दम लागलेला असल्याने कोणाला कळायचं नाही). असे शिक्षक आम्हाला मिळाले असते तर, असं रोज वाटायचं.

दिवाळीआधी टेस्ट झाली. त्या मुलाला 'ए', जुईलाही 'ए'. मी अपराधी चेहऱ्याने उभा होतो, तेवढ्यात मॅडम आल्या.

"जुईची जूनची टेस्ट मी धरलीच नाही," त्या म्हणाल्या. "इथे सकाळी पहिल्यांदा मनापासून धावली, तिथून मोजलं. ही 'ए' तिच्या मेहनतीची आहे."

मी मान खाली घातली. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"पण जुईचे पप्पा, तुम्ही अजून मुद्दाम हळू धावताय. आता पुरे ना?"

मी पहिल्या दिवसापासून जीव तोडून धावत होतो.