बास्टर्ड कानस

माझे सासरे माणसांना लोखंड घासायच्या कानशीच्या मापाने मोजायचे. पंप दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात ते फिटर होते. सहावीत शाळा सुटली आणि सतराव्या वर्षी ते सुटा भाग घट्ट धरणाऱ्या वाइसपुढे उभे राहिले, ते पुढे चाळीस वर्षं. धंद्यातले सगळे शब्द इंग्रजी, पण ते त्यांनी कानाने उचललेले. कुठल्या शब्दाला काय अर्थ आहे याची त्यांना गरजच पडली नव्हती. हत्यार हातात आलं की झालं.

कानशीच्या दातांचे चार प्रकार त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजावले होते. रफ म्हणजे सगळ्यात जाड दातांची. ती लोखंड ओरबाडते. स्मूथ अगदी बारीक, नुसती चकाकी आणते. सेकंड कट तिच्या जरा अलीकडची. आणि रफच्या पुढची, ना फार जाड ना फार बारीक, ती बास्टर्ड. "खरं काम तीच करते," ते म्हणाले होते. "बाकीच्या मिरवायला."

मग माणसंही त्यांनी त्याच चार खणांत घातलेली. कोपऱ्यावरचा दवाखानेवाला डॉक्टर स्मूथ. माझा नवरा तरुणपणी रफ, आता सेकंड कट. मीही सेकंड कट, पण "सुधारेल" असा शेरा मारून. बास्टर्ड हा मान फार थोड्यांना. माझ्या सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. त्यांच्या फोटोवरची धूळ पुसताना बाबा मला एकदा गहिवरून म्हणाले, "तुझी सासू बास्टर्ड होती. तिच्यासारखी पुन्हा नाही व्हायची."

मी शाळेत इंग्रजी शिकवते. त्या दिवशी मी आणि माझा नवरा स्वयंपाकघरात दार लोटून पोट दुखेपर्यंत हसलो. मी म्हटलं, सांगायला हवं त्यांना. तो म्हणाला, कशाला, ते कुठे भाषणं द्यायला जातात. मलाही ते पटलं. खरं तर पटवून घेतलं, कारण गंमत हातची गेली असती. पुढे शिक्षकांच्या खोलीत, मैत्रिणींच्या घोळक्यात मी हा किस्सा बाबांचा आवाज काढून सांगत असे. हमखास हशा मिळायचा. नऊ वर्षं मी तो सांगत होते.

कारखान्याच्या हत्यारांच्या कोठीवर एक बाई होत्या. कोठीला एक खिडकी. कामगाराने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, बाईंनी हत्यार द्यायचं आणि वहीत लिहायचं. एकतीस वर्षं त्या खिडकीमागे त्या होत्या. बाबांच्या बोलण्यात त्यांचं नाव नसायचं, नुसतं "बाई". पण रोज यायचं. बाई कधी बोथट हत्यार देत नाहीत, बाईंना बिल्ल्याचा आवाज ऐकून माणूस कळतो, असं काहीबाही.

सुरुवातीच्या काळात त्यांचा एकच खटका उडाला होता आणि तो बाबा हौसेने सांगत. बाई वहीत "मध्यम कानस" असं लिहायच्या. बाबांना ते खपेना. चार माणसांदेखत त्यांनी खिडकीशी आवाज चढवला, की हत्याराला त्याचं नाव आहे, तेच लिहा, उद्या तुम्ही पंपाला पाणीओढ्या म्हणाल. बाईंनी वही पुढे ओढली. त्या दिवसापासून त्या "बास्टर्ड" असंच लिहू लागल्या. बाबांच्या लेखी तो त्यांचा विजय होता.

बाई निवृत्त व्हायच्या झाल्या तेव्हा कामगारांच्या वतीने बोलायला बाबांना निवडलं. आयुष्यातलं पहिलं भाषण. आठ दिवस त्यांनी एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. समारंभाच्या आदल्या संध्याकाळी ते मला वाचून दाखवायला आले. माझ्यापुढे परीक्षेचे पेपर होते. मी लाल पेन चालवत ऐकत होते, म्हणजे मधूनमधून हं करत होते. संपल्यावर मी म्हटलं, "छान झालंय, बाबा." त्यात तो शब्द होता. तो माझ्या कानावर पडला की नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. पडला असावा.

समारंभ कारखान्याच्या जेवणाच्या दालनात होता. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत साहेबलोक, मागे कामगार आणि घरचे. बाई समोर मधल्या खुर्चीवर, मांडीवर फुलांचा गुच्छ. शेजारी त्यांची मुलगी, तिशीची, दवाखान्यात परिचारिका होती, ड्यूटीवरून तशीच आलेली. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मायलेकीच होत्या एकमेकींना.

बाबा इस्त्रीच्या शर्टात उभे राहिले. पहिली दोन वाक्यं अडखळली, मग गाडी रुळावर आली. कानशींचे चार प्रकार त्यांनी सांगितले, कामगार माना डोलवू लागले. आणि मग ते बाईंकडे वळून, आवाज जरा वर करून म्हणाले, "आणि आपल्या बाई बास्टर्ड आहेत. एकतीस वर्षं मी बघतोय. शंभर टक्के बास्टर्ड."

मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना ती तारीफच होती. पुढच्या रांगेत मॅनेजर खोकला. त्याच्या शेजारच्याने रुमाल तोंडाला लावला. मग हसू एका खुर्चीवरून दुसरीवर गेलं, दाबलेलं, खांदे हलवणारं. मी हे हसू ओळखत होते. नऊ वर्षं मीच ते वाटत होते.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि सरळ दाराबाहेर गेल्या. मुलगी पाठोपाठ धावली. बाबा कागद धरून उभेच होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

घरी परतताना रस्त्यात ते म्हणाले, "बाईंना फार भरून आलं."  ते पुढे म्हणाले, की खरं बोललं की माणसाला लागतंच, चांगलं असलं तरी. मी भाजीच्या दुकानाशी थांबले, काही नको असताना कोथिंबीर घेतली, जरा वेळ मिळावा म्हणून.

घरी चहा झाल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, तो शब्द शिवी आहे."

"कुठला?"

मी सांगितला. ते हसले. म्हणाले, कानशीवरच छापलेला असतो. मग मी कपाटातून शब्दकोश काढला. मला वाटलं होतं, पुस्तकातून सांगितलं की सोपं जाईल. त्या शब्दाचा मूळ अर्थ, लग्नाशिवाय झालेलं मूल. त्याआधीचा माग फार जुना आणि नक्की कोणालाच ठाऊक नाही, पण बहुतेक पंडित सांगतात की तो खोगिरावरून आला. माल वाहणारे खेचरवाले वाटेतल्या सराईत मुक्कामाला उतरले की खोगीरच अंथरूण म्हणून वापरायचे, आणि लग्नाच्या शेजेवर न झालेलं मूल ते खोगिरावरचं मूल. एका राजाला लोक उघड त्या नावाने ओळखत, तेव्हा ती शिवी नव्हती, नुसती माहिती होती. पुढे जे जे धड या जातीचं नाही, धड त्या मापाचं नाही, त्या सगळ्याला तो शब्द चिकटला. छापखान्यातली अधल्यामधल्या मापाची अक्षरं, तलवारीचा एक प्रकार, आणि तुमची कानस. माणसाला म्हटलं की मात्र शिवी. आणि परक्या मुलखात काही ठिकाणी जिवलग मित्राच्या पाठीत थाप मारूनही तोच शब्द म्हणतात.

ते लक्ष देऊन ऐकत होते, जसं नव्या यंत्राची माहिती ऐकावी तसं. मग म्हणाले, "म्हणजे बाप नसलेलं."

"बापाचं नाव नसलेलं."

त्यांचा हात टेबलावर होता. तो त्यांनी खाली मांडीवर घेतला. त्यांनी सांगितलं, की बाईंची आई लग्न न झालेली होती. वीस वर्षांपूर्वी बाईंना कसल्याशा कागदावर साक्षीदार हवा होता, वडिलांच्या नावाचा रकाना कोरा का आहे याचा तो कागद. बाईंनी कारखान्यातल्या सगळ्या माणसांतून यांना विचारलं. यांनी सही केली आणि कुणापाशी, अगदी माझ्या सासूबाईंपाशीही, अवाक्षर काढलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"शाळेत असल्यापासून."

"आणि मी घरात म्हणायचो तेव्हा?"

मी खाली बघितलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.  ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रविवारी सकाळी आम्ही बाईंच्या घरी गेलो. दुसरा मजला, दारात चपला नीट लावलेल्या. मुलीने दार उघडलं आणि बाजूला झाली, या म्हणाली नाही. बाईंनी पाणी आणलं. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले आणि एका दमात म्हणाले, "बाई, मला अर्थ माहीत नव्हता. पण मी बोललो ते बोललो. मला माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं हे मला तिथेच कळलं, मिस्त्री. तुमचा चेहरा खुललेला होता. पण ते कळेपर्यंत मी उठले होते." मग त्या म्हणाल्या, "तो शब्द शाळेत एका मास्तरांनी मला फळ्याजवळ उभं करून सांगितला होता, अर्थासकट. म्हणून मी मध्यम लिहायची."

बाबांनी डोळे मिटले. इतकी वर्षं रंगवून सांगितलेला तो विजय कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली मुलगी बोलली. आवाज चढलेला नव्हता. "आई अशी का उठली म्हणून मी विचारलं, तेव्हा मला कळलं. तिशीत. तुम्हाला वीस वर्षांपासून माहीत होतं. तुम्हाला सांगितलं, मला का नाही?"

प्रश्न आईला होता, पण विचारला बाबांना. ते म्हणाले, "मी फक्त सही केली होती, पोरी."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, चूक माझी आहे. मला अर्थ ठाऊक होता, मी त्यांना वेळेवर सांगायला हवं होतं. बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मग सांगितलं का नाही?"

मला आम्ही हसायचो, हे सांगता आलं नाही. मी म्हटलं, राहून गेलं. त्यांना ते खोटं आहे हे कळलं. त्यांनी रिकामे पेले उचलले.

पुढे मायलेकींचं जुळलं, असं कारखान्यातून कानावर आलं. कसं जुळलं ते मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्कही नाही. बाई आणि बाबा नंतर दोन-तीनदा रस्त्यात भेटले. थांबून तब्येतीचं बोलले, इतकंच. दोन वर्षांनी बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी समारंभ घेतला नाही. बिल्ला जमा केला आणि नेहमीच्या वेळेला घरी आले.

आमच्यात एक गोष्ट मात्र घडली. बाईंच्या घरून आल्यावर महिनाभराने ते माझ्यापुढे एक कागद घेऊन बसले. धंद्यातले त्यांना येत असलेले सगळे इंग्रजी शब्द, वाकड्यातिकड्या अक्षरांत, एकाखाली एक. म्हणाले, "प्रत्येकाचा अर्थ सांग. माणसाला म्हटलं तर काय होतं, तेही. काही गाळू नकोस."

बेचाळीस शब्द होते. चक, डाय, बुश यांच्यापाशी काही अडलं नाही. मग ग्रीस निपल आला, स्टॉप कॉक आला, दोन्हींत माणसाच्या झाकायच्या अवयवांची नावं. सासऱ्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं, असं वाटून मी पेन नुसतं फिरवत राहिले. ते वाट बघत बसले. मग मी मान वर न करता सांगितलं, जे आहे ते, सरळ. त्यांचे कान लाल झाले, माझेही.

"पन्नास माणसांत ओरडून मागितलाय मी हा स्टॉप कॉक," ते म्हणाले.

"तिथे चालतो तो, बाबा. तिथे त्याचा अर्थ तेवढाच असतो."

"तरी," ते म्हणाले, आणि कागद माझ्याकडे सरकवला. "याला आपल्यात काय म्हणायचं, ते समोर लिही."

मी लिहिलं, तोटी. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पुढच्या शब्दावर बोट ठेवलं.