खालची अक्षरं

बायको लाखोळीची भाजी निवडत होती आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. दिवे लागायची वेळ. समुद्रात एक खडक, खडकावर दिव्याचा मनोरा आणि तो दिवा सांभाळणारा एकटा म्हातारा, अशी ती डॉक्युमेंटरी होती. म्हातारा इंग्रजीत बोलायचा, खाली हिंदीत अक्षरं यायची, आणि ती भाजीवरची नजर उचलून मला सांगायची.

"काय म्हणते तो?"

"म्हणते, बायको गेल्यावर वाटलं का आता राहणं होत नाई. पण होते. करमते म्हणते मले इथं."

"खोटं बोलून राहिला. अन् एकटा हाये तं कॅमेरा कोणी धरला?"

"तुमाले सारेच खोटे दिसतेत. पाहा न गुमान."

अर्धी पाहून आम्ही जेवलो. भात आणि तीच भाजी. दोन दिवसांनी तिला नागपूरच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून ती परत आली नाही. दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट ती.

मी तुमसरच्या राइस मिलमध्ये उभा जन्म धान तपासलं. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची आणि मधला दाणा बाहेर काढून पाहायचा. वर चांगलं धान ठेवून आत पाखड भरणारे लोक मी रोज पाहिले. त्यामुळे कोणाच्या शब्दावर माझा विश्वास बसत नाही. शाळा चौथीपर्यंत. अक्षर ओळखतो, पण टीव्हीवरची एक ओळ लावेपर्यंत दुसरी येते. ती सातवी शिकलेली. घरातलं सगळं वाचणं तिच्याकडे होतं, लग्नपत्रिकेपासून दवाखान्याच्या कागदापर्यंत. तिच्या वाचण्यात मी कधी परखी घातली नाही.

नागपूरला राहणाऱ्या आमच्या पोरीने मोठा टीव्ही लावून दिला होता, आणि पाहिजे ते पाहता येतं ती सोयही. मालिका तिला आवडत नव्हत्या. डॉक्युमेंटरी मात्र रोज एक. पाहिली की सकाळी कुंपणावरून शेजारणीला सांगायची, ही पाहा, ती पाहू नको, लय रडवते. आता तीच शेजारीण मला विचारते, भाऊजी, कोणती पाहू. म्हणून माझ्या आवडीची सांगतो. घंटा ओतणाऱ्या म्हाताऱ्याची पाहा. परदेशातलं गाव आहे. भंडाऱ्यात पितळेची भांडी घडताना मी पाहिली आहेत, तरी एवढी मोठी घंटा एका दमात ओतताना छाती धडधडते. शेवटी एक जवान माणूस येतो, म्हातारा त्याच्या हातात कारखान्याची किल्ली देतो. मी विचारलं होतं, हा कोण. ती म्हणाली, "पुतण्या हाये त्याचा. शहर सोडून काम शिकाले आला." मला बरं वाटलं होतं. आम्हाला पोरगा नाही, पण बरं वाटलं होतं.

तेरवी झाल्यावर पोरगी आठ दिवस राहिली. जाताना तिने रिमोटवर काहीतरी दाबलं आणि टीव्ही हिंदीत बोलायला लागला.

"आता तुमाले कोणी वाचून द्याची गरज नाई, बाबा."

मी घंटेवाल्याची परत लावली. शेवटी तो जवान माणूस आला आणि हिंदी बोलणारा म्हणाला, हा कंपनीचा माणूस आहे, कारखाना विकत घेतला, इथे हॉटेल होणार. म्हातारा म्हणाला, माझ्यानंतर हे काम कोणी करणार नाही.

मला पहिला संशय आला हिंदी बोलणाऱ्याचा. पगार घेऊन बोलणारा माणूस, त्याला काय पडली आहे. शेजारणीला बोलावलं, आवाज बंद केला आणि म्हटलं, खालची अक्षरं वाच. तिने वाचलं. कंपनी. हॉटेल.

"ताईनं तं मले पुतण्या सांगतला होता," ती म्हणाली आणि हसली. "ताईचंच बरं होतं, भाऊजी."

शेजारीण गेल्यावर मी दिव्यावाल्या म्हाताऱ्याची लावली. तो करमते वगैरे काही म्हणतच नव्हता. तो म्हणत होता, पहिलं वर्ष मी भिंतीशी बोललो, आणि मग भिंतीशी बोलणंही सोडलं.

टीव्ही बंद केला. समोरच्या कपाटावर दवाखान्याची पिशवी होती. दिवाळीच्या आधी तिच्या पोटदुखीसाठी पोरीसोबत भंडाऱ्याला गेलो होतो. डॉक्टरने दोघींना आत घेतलं, मी बाहेर चिठ्ठीच्या रांगेत. घरी आल्यावर तिने चष्मा लावून, इंग्रजी अक्षरं बोटाने दाबत, मला रिपोर्ट वाचून दाखवला होता. "आतड्याले सूज हाये. तिखट बंद करा म्हणते." मी घरातली मिरची बंद केली. दोन महिने बिनतिखटाचं जेवलो, तिला साथ म्हणून.

पोरीला फोन लावला.

"आईनं मले जो रिपोर्ट वाचून दाखवला, तेच लिहिलं होतं का त्यात?"

ती म्हणाली, "बाबा, जेवले का तुमी?"

"जेवलो. सांग."

"आता काहून काढता ते?"

"तुई माय खोटं वाचे. मले आज समजलं."

तेव्हा तिने सांगितलं. सूज नव्हती, गाठ होती, आणि पसरली होती. डॉक्टरने थोडेच महिने सांगितले होते. उपचार करून फार फरक पडणार नाही, हेही सांगितलं होतं.

"आई म्हणे, त्याइले सांगशीन तं ते टीव्ही बंद करतीन अन् दिवसभर माया तोंडाकडं पाहात बसतीन. मले तसं नाई पाह्यजे."

"अन् तू? तू बी तिच्यासंगच."

"तिनं माया डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती, बाबा. मी काय करू?"

"आता जे सांगून राहिली, ते तरी पुरं हाये का?"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला.

दोघींनी मला येडं बनवलं, हे पहिलं डोक्यात आलं. मग एकेक आठवायला लागलो. आज दुखत नाही म्हणायची, ते. भूक नाही, शेजारणीकडे पोहे खाल्ले म्हणायची, ते. दिवाळीनंतर आम्ही ज्या डॉक्युमेंटरी पाहिल्या त्यांतल्या एकाही माणसाचं शेवटी वाईट झालं नव्हतं. दवाखान्यात माझ्याकडे पाहून म्हणाली होती, मले काही भेव नाई वाटत. हे कोणाला विचारायचं? त्याखाली अक्षरं नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण कुंपणाशी आली. तिच्या नवऱ्यालाही वाचता येत नाही.

"भाऊजी, हे इचारून राहिले, आज कोणती लावाची?"

"घंटेवाल्याची लाव. हिंदी आवाज लावू नोको, तूच वाचून सांग त्याले."

"बरं."

"पण जे लिहिलं असन तेच वाचजो."

"अन् नाई वाचलं तं?" ती म्हणाली. "तुमी काय तपासाले येता का आमच्या घरी?"

मी दवाखान्याची पिशवी घेतली आणि भंडाऱ्याची एसटी धरली. तिथे बसस्टँडजवळ एक औषधाचं दुकान आहे. त्या दुकानदाराची माझी ओळख नाही, माझ्या पोरीचीही नाही. त्याच्यापुढे रिपोर्ट ठेवला आणि म्हटलं, पहिल्या ओळीपासून वाचा, मराठीत सांगा, अन् काही सोडू नोका.