सगुणाच्या अर्जाचं उत्तर

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळे जेवणाच्या रांगेत असायचे, तेव्हा सुमनकाकू कचऱ्याच्या पिंपाशी उभ्या असायच्या. टाकायला आणलेली प्रत्येक कागदी ताटली निरखायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

"काही शोधताय का, काकू?"

"भोपळ्याची भाजी. ही बघ, सगळी इथे आहे. अहवालात मात्र छापतील, सर्वांनी सुग्रास भोजनाचा आस्वाद घेतला!"

काकू तीस वर्षं शिकागोच्या एका हॉस्पिटलमध्ये आहारतज्ज्ञ होत्या. "डाएट चार्ट आम्ही लिहायचो. पेशंटने काय खाल्लं ते परत आलेला ट्रे सांगायचा." निवृत्तीनंतर हाच न्याय त्यांनी इतिहासाला लावला. दर शनिवारी नेपरव्हिल या उपनगरातून ट्रेनने शहरात जायचं आणि ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर आपल्याकडच्या, इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळी छावण्यांची कागदपत्रं वाचायची. मंजूर शिध्याचे तक्ते त्या भराभर पुढे सरकवत. "हे साहेबाने लिहिलेलं जेवण. तक्रार शोध. माणूस काय खात होता ते तक्रारीत सापडतं."

२००४ मध्ये त्यांची नजर अधू झाली. मधलं दिसेना, नुसत्या कडा दिसत. मुलगा म्हणाला, "आई, इनफ. आता घरी बस." काकूंनी मला फोन केला. मी नागपूरहून प्रोजेक्टवर आलेली, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलेली. वडील चळवळीची पत्रकं लिहीत, आम्ही भावंडं ती चौकात वाटत असू.

"पत्रकवाल्यांना कुजबुजता येतं का गं? तिथे मोठ्याने वाचू देत नाहीत."

पहिल्याच महिन्यात सगुणा सापडली. छावणीतली स्वयंपाकीण. अर्ज कारकुनाने लिहिलेला, खाली सहीच्या जागी बांगडीची निशाणी. जोंधळे किडके आहेत, भाकर थापताना तुटते, लोक मला दोष देतात, धान्य बदलून मिळावे. एवढंच.

काकूंनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "मिळालं का गं तिला?"

मला तर लेखच सुचला. साम्राज्याला भाकरीचं आव्हान! परतीच्या ट्रेनमध्ये मी तो त्यांना आवेशाने ऐकवला.

"आव्हान कुठे दिलंय? जोंधळे मागितलेत. तिच्या हाताला पीठ लागलंय, तू तिला झेंडा कशाला देतेस?"

"तुम्हाला चीड नाही येत, काकू?"

"येते. म्हणून तर अक्षर न् अक्षर वाचायचं."

दीड वर्ष आम्ही त्या अर्जाचं उत्तर शोधत होतो. लाकडाचे ठेके, खेचरांची औषधं, साहेबांच्या रजा, सगळं मी कुजबुजत वाचलं. दर शनिवारी निघताना काकूंचा तोच प्रश्न असे, "मिळालं का गं तिला?" पुढे त्यांचं हृदय थकलं. त्या डिसेंबरात ग्रंथालयाच्या पायऱ्या चढताना त्या तीनदा थांबल्या. पुन्हा येणं होणार नाही, हे दोघींनाही कळत होतं. पडद्यावर गवताच्या लिलावाचं पत्र होतं. मी वाचलं, "सगुणा हिचे अर्जावरून नवे जोंधळे देण्यात यावेत."

काकू हसल्या नाहीत. "तारीख?"

मी एक सांगितली.

"सही कुणाची?"

मी पडद्यावर एखादं नाव शोधू लागले. त्यांनी चाचपत माझा हात शोधला आणि थोपटला. "मला बरं वाटावं म्हणून वाचलंस ना? पण मी अर्ज केला नव्हता गं. अर्ज तिचा आहे."

"सॉरी, काकू."

"सॉरी राहू दे. काय लिहिलंय ते वाच."

मी गवताचा लिलाव वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. त्या मन लावून ऐकत होत्या.

फेब्रुवारीत काकू गेल्या. उरलेली चार रिळं मी एकटीने वाचली, तशीच कुजबुजत. उत्तर कुठेच नव्हतं. वहीत लिहिलं, 'सगुणाच्या अर्जाचं पुढे काय झालं ते सापडलं नाही.' माझ्या हातून एकही विशेषण न वापरता लिहिलं गेलेलं हे पहिलंच वाक्य असावं. ते मला काकूंना वाचून दाखवायचं होतं. शेवटच्या कागदाची तारीख विचारली असती तर सांगता आली असती. एकही पान सोडलं नाही, हेही सांगता आलं असतं.