साहेबाचा रस अन् सरूची भाकर

शालू माझी औंढ्याची शेजारीण. नवरा गेला, पदरात एकच लेक राहिली, सरू. मग शालू खंडाळ्याच्या एका बंगल्यावर भांडी घासाया जाया लागली. ही जर्मनच्या लढाईच्या आदल्या सालची गोष्ट. बंगल्यात एक गोरा साहेब छातीच्या दुखण्यातनं उठून हवापालटाला आला व्हता. आला तवा दोघांनी धरून उतरवला, अन् पावसाळा लागायच्या आत तोच साहेब टेबलावर मूठ आपटून खानसाम्यावर वरडाया लागला!

ते शालूनं डोळ्यानं बघितलं. खानसामा अल्लाउद्दीन रोज सकाळी मोसंबी पिळून साहेबाला पेलाभर रस न्यायचा. संगं बशीत काळा पाव असायचा. राय म्हणून कायतरी धान्य असतं त्यांच्याकडं, त्याचा. मुंबईवरनं गाडीनं यायचा. शालू मला हसून सांगायची, "धोंडामावशी, एवढा साहेब, अन् आपल्या नाचणीच्या भाकरीवानी काळं खातो गं! त्यात काय असणार? ताकद हाय ती रसात." मला बी पटलं, खोटं कशाला बोलू? काळी भाकर तर आमी जन्मभर खात आलो. तिनं कुणाचं काय भलं झालेलं आमी बघितलं व्हतं?

श्रावणात सरूला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पर पोरीची पार काडी झाली. शालूनं अल्लाउद्दीनचे पाय धरले. लय भला माणूस तो. रोज लोटीभर रस द्यायचा, अन् ही झाकण दाबून धरत औंढ्यापतुर चालत आणायची. घरात भाकर बंद, आंबील बी बंद. "जड हाय. बाधंल," म्हणायची.

पोरगी दारात बसून माझ्या चुलीकडं बघायची. "आये, भाकर दे की गं."

"गप! साहेब ह्याच्यावरच उठलाय."

एकदा मला ऱ्हावलं न्हाई. चतकोर भाकर घेऊन गेले, तर शालू अंगावर धावून आली. "पोर माझी हाय, मावशी!" मला बी असा संताप आला! तशीच माघारी फिरले अन् बोलणंच टाकलं.

मग पोरीच्या पायावर सूज आली. शालूनं बंगल्यावर रडत अल्लाउद्दीनला सांगितलं. त्यानं विचारलं, "रसासंगं काय देतेस?"

"काय न्हाई. नुसता रस."

त्यानं कपाळावर हात मारला. "अगं बाई, रस तोंडाला चव यावी, जरा तरतरी यावी म्हणून! अंग भरायला डॉक्टरनं साहेबाला तो काळा पाव सांगितलाय, दूध-अंडी सांगितलीत. नुसत्या रसावर कोण जगतं का?"

शालू हातातली भांडी टाकून पळत आली. जात्यावर नाचणी दळली, भाकर थापली, दुधात कुस्करली. मी बी राग सोडून धावले अन् सरूला मांडीवर घेतलं. पोरगी भाकर बघून हसली हो! शालूनं घास भरवला. "खा माझे बाय, खा," म्हणत पाठीवरनं हात फिरवत राहिली. आमाला वाटलं, गिळला.

दिवस मावळायच्या आत सरू गेली.

आंघोळ घालताना मी तोंड पुसलं, तर गालात तो घास तसाच व्हता. शालूनं तो आपल्या हातानं काढला अन् मुठीत धरून बसली. "भूक लागली व्हती तिला, मावशी," म्हणाली. "रोज सांगत व्हती."