चौकोनांचं जहाज

जिजाजी माणसं चौकोनांत मोजत. मी बी.एड. करून ताईकडे राहायला आले, तेव्हा मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "शकू, तू बरोब्बर पाच चौकोन. केबिनच्या दारात वाकावं नाही लागणार तुला." ताईच्या नशिबी हा कसला विक्षिप्त नवरा आला, असंच मला वाटलं. मग ताईनं कपाटावरचं अर्धवट जहाज दाखवलं.

जिजाजी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये डिझाइन खात्यात होते. चादरींची नक्षी बारीक चौकोनांच्या कागदावर आखायची आणि जिथं धागा वर यायला हवा तो चौकोन लाल शाईनं भरायचा, हे त्यांचं काम. जहाजंही त्याच हिशेबानं बेतलेली. एक चौकोन म्हणजे एक फूट. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. राजवाड्याजवळच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका पुस्तकातल्या आकृत्यांवर सगळं चाललेलं. त्यांचा नियम एकच, कागदाशिवाय काही वापरायचं नाही. दोर म्हणजे कागदाचा पीळ, डोलकाठी म्हणजे कागदाची घट्ट सुरळी आणि चिकटवायला मैद्याची खळ. मी एकदा शिडीसाठी झाडूची काडी पुढे केली, तर माझ्यावरच डाफरले. "एक काडी घातली ना, की जहाज नाही राहात, खिलौना होतो!"

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, आणि एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. वर्तमानपत्रांत देशाची दारं उघडल्याचा जल्लोष होता आणि आमच्या गल्लीतले पुरुष भर दुपारी ओट्यावर बसलेले असत. जिजाजींनी त्याआधीच आपल्या जुन्या नक्ष्यांचा गठ्ठा घरी आणला होता. त्याच कागदांच्या पट्ट्या कापून, थरावर थर चिकटवत त्यांनी दोन हात लांब मालवाहू जहाज बांधायला घेतलं. ताईनं हटकलं तर म्हणाले, "मिलच नाही, तर या नक्ष्या विणणार कोण?"

दीड वर्ष ते जहाज चाललं होतं आणि घर माझ्या शाळेच्या पगारावर. मी तोंडानं काही बोलत नसे. भांडी मात्र आपटायची.

एका मंगळवारी बुरहानपूरहून त्यांचा जुना सोबती आला. तिथल्या एका शेठना यंत्रमागांसाठी डिझाइनवाला हवा होता. "शनिवारी पोहोचा, पण चादरींचे जुने नमुने घेऊन. शेठ नमुना बघितल्याशिवाय बात करत नाहीत. आणखी दोघं लाइनमध्ये आहेत." चहा घेऊन तो गेला. जिजाजी जहाजाकडे बघत राहिले. त्यांचे सगळे नमुने त्या जहाजात होते.

दोन दिवस ते आठवून आठवून नक्षी काढत होते. काढायची, मोजायची, फाडायची. एक चौकोन चुकला तर कापडाचं अख्खं थान बिघडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? गुरुवारी सकाळी ताईनं हळूच विचारलं, "अहो, जमतंय ना?" त्यांनी आणखी एक कागद फाडला. माझा तोल सुटला.

"ताई, कशाला विचारतेस? जहाजात बसून जातील की बुरहानपूरला. आपण हात हलवू या!"

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की बोललेले शब्द गिळता आले तर बरं, असं मला झालं. जिजाजी उठले. दोन्ही हातांनी जहाज उचलून अंगणात गेले आणि धुण्याच्या मोठ्या टबात त्यांनी ते अलगद सोडलं.

मला वाटलं होतं, पडताक्षणी लगदा होईल. पण जहाज सरळ उभं राहिलं. जरा डोललं आणि स्थिर झालं. आम्ही तिघंही टबावर वाकलो. "खळ सुटायला वेळ लागेल," एवढंच जिजाजी म्हणाले. मग ते एका बाजूला झुकलं, पोटाचे थर फुगले, आणि त्यांनी बाह्या सावरून पहिली पट्टी सोडवली.

मिलची शाई पक्की, पाण्यानं फुटली नाही. दिवसभर आम्ही पट्ट्या सोडवून वाळत घातल्या, कडेला कड जुळवून फरशीवर मांडल्या. खिडक्यांसाठी कापलेली गोल भोकं मधेच होती. पण नक्षी पुन्हापुन्हा येतेच, शेजारचा भाग मोजून त्यांनी ती भोकं भरून काढली. मी चौकोन मोजून सांगत होते. शुक्रवारी दिवेलागणीला तीन नमुने उभे राहिले. शनिवारी शेठनी त्यातले दोन ठेवून घेतले आणि जिजाजींनाही.

सोमवारी ते कामावर रुजू व्हायला निघाले, तेव्हा त्यांना बसवर सोडायला मी एकटीच गेले. ताईला आदल्या रात्रीपासून ताप होता. बस लागली तेव्हा कसंबसं म्हटलं, "जिजाजी, मी त्या दिवशी फार बोलले. माफ करा."

"अरे, छोड ना," ते खिडकीतून म्हणाले. "तू बोलली नसतीस तर मी ते पाण्यात सोडलं असतं का? एवढी वर्षं मी जहाजं बांधली शकू, पण ती तरंगतात की नाही, हे मला माहीतच नव्हतं. भोत मस्त उभं राहिलं ना?"

मी मान हलवली. बस निघाली. बुरहानपूरला ते शेवटपर्यंत चादरीच आखत राहिले, जहाज पुन्हा कधी बांधलं नाही. त्यांनी मला माफ केलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी स्वतःला अजून केलेलं नाही.